डब्यावर नाव तुमचं, तर शिशाचा हिशेबही तुमचाच

लॅमिंग्टन रोडला (पत्त्यात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहा, रस्ता विचारताना मात्र लॅमिंग्टनच म्हणा) दर आठवड्याला एखादा नवा मुलगा भेटतो. मोबाइलवर चीनमधल्या शेनझेनच्या कुठल्यातरी कारखान्याने पाठवलेला ब्लूटूथ स्पीकरचा फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "दादा, पाचशे नग मागवतो, आपलं नाव छापतो, ऑनलाइन टाकतो. जीएसटी आहे, आयातीचा आयईसी कोड आहे. अजून काय लागतं?"

बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी आणि वायरलेसची परवानगी लागते, ते एजंट सांगतोच, कारण त्यात त्याचं कमिशन असतं. रोहसबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. वस्तूत शिसं, पारा, कॅडमियम वगैरे किती चालेल याची मर्यादा म्हणजे रोहस. काही जण 'आरओएचएस' अशी अक्षरं सुटी करून बोलतात, गोष्ट तीच. हा लेख तेवढ्यापुरताच आहे. आयातीचं बाकी पुराण पुन्हा कधीतरी.

कायदा थोडक्यात

सुरुवात युरोपातली. डिसेंबर २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये सोनीच्या प्लेस्टेशनची मोठी खेप अडवली गेली, १३ लाखांच्या आसपास नग होते. यंत्र ठीक होतं. कॅडमियम सापडलं ते सोबतच्या केबलमध्ये. ही केबल लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. युरोपीय संघाचा रोहसचा निर्देश २००३ सालचा, आणि १ जुलै २००६ पासून तो लागू झाला.

आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांत या मर्यादा आल्या आणि १ मे २०१४ पासून बंधनकारक झाल्या. मग २०१६ चे नियम आले. आज चालू आहेत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. नावात कचरा असल्यामुळे नव्या वस्तू विकणाऱ्याला वाटतं, आपला काय संबंध? संबंध सोळाव्या नियमात आहे. तो कचऱ्याबद्दल नाही, नव्याकोऱ्या मालाबद्दल आहे. आधी २१ प्रकारची उपकरणं यादीत होती, आता १०६ आहेत. फ्रिज, टीव्हीपासून खेळण्यांपर्यंत.

पदार्थ सहा आहेत. कुठे सापडतात तेही सांगतो, कारण नुसती नावं पाठ करून उपयोग नाही. शिसं असतं सोल्डरमध्ये (भाग जोडायला वितळवतात तो धातू) आणि स्वस्त पीव्हीसी वायरीच्या आवरणात. पारा सीएफएलमध्ये आणि जुन्या एलसीडी पडद्यामागच्या नळ्यांत. कॅडमियम लाल-पिवळ्या रंगद्रव्यांत, मुलाम्यात आणि काही स्विचच्या संपर्कबिंदूंवर. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं घातक रूप, स्क्रूवरच्या पिवळट झळाळीत. उरलेली दोन, पीबीबी आणि पीबीडीई, ही प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून घातलेली ब्रोमीनची रसायनं. कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के, बाकी पाचांची ०.१ टक्के. लॅबवाले हेच १०० आणि १००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असं सांगतात.

युरोपला माल पाठवणार असाल तर यात आणखी चार थॅलेट धरा. प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते. २०१९ च्या जुलैपासून तिथे एकूण दहा पदार्थ मोजले जातात.

पायरी १: उत्पादक कोण, ते आधी ठरवा

"मी कुठे बनवतो? मी तर फक्त विकतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो. नियमांच्या भाषेत स्वतःच्या ब्रँडने वस्तू विकणारा उत्पादकच असतो, मग ती दुसऱ्याने बनवलेली असली तरी. आयात करणाराही उत्पादक. कारखाना शेनझेनला असो की वसईला, डब्यावर तुमचं नाव लागलं की कायदा तुमच्या दारात येतो.

एक पळवाट आहे आणि ती खरी आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखालच्या सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. सूक्ष्म म्हणजे १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत. हे वाचलं की नवी मंडळी खूश होतात. थांबा. तुम्ही स्वतः काही बनवत नसाल, नुसता व्यापार करत असाल, तर २०२१ पासून तुम्हाला उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते खरी, पण तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता मर्यादित ठेवलेला आहे. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर न्हावा शेवाला माल सोडवू म्हणाल तर आधी कस्टम हाउस एजंटला विचारा, सल्लागाराला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. आणि समजा सवलत मिळालीच, तरी मोठे खरेदीदार रोहसचा कागद मागतातच. त्यांना तुमच्या उलाढालीशी देणंघेणं नसतं.

पायरी २: वडापाव सुटा करा

नवशिक्यांचा घोळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून जरा बसून समजून घ्या.

०.१ टक्के कशाच्या? अख्ख्या स्पीकरच्या नव्हे. नियम म्हणतो, प्रत्येक एकजिनसी पदार्थाच्या. म्हणजे खरवडून, कापून, स्क्रू काढून आणखी वेगळा करता येत नाही असा पदार्थ. वडापावात मीठ किती, हे पाव, वडा, चटणी एकत्र कुटून मोजायचं नाही. पाव वेगळा, वड्याचं वरचं बेसन वेगळं, आतली भाजी वेगळी, लसणाची चटणी वेगळी. चटणी खारट झाली तर पाव अळणी होता म्हणून सुटका नाही.

आता आकड्यात बघू. अर्धा किलोचा स्पीकर आहे. त्याच्या केबलचं प्लास्टिकचं आवरण १० ग्रॅम, आणि त्यात ०.३ टक्के शिसं, म्हणजे ३० मिलिग्रॅम. अख्ख्या स्पीकरच्या मानाने हे ०.००६ टक्के. मर्यादेच्या कितीतरी आत, म्हणून तुम्ही निवांत. पण कायदा आवरण एकटं बाजूला काढतो आणि तिथे शिसं मर्यादेच्या तिप्पट आहे. स्पीकर नापास. वायरीतलं तांबं वेगळं मोजायचं, आवरण वेगळं, प्लगचा पितळी भाग वेगळा. स्क्रूचं पोलाद वेगळं आणि त्यावरचा मुलामाही वेगळा.

पायरी ३: सुट्या भागांची यादी, आणि पुरवठादाराच्या कागदाचं बारकाईने वाचन

कारखान्याकडून भागांची पूर्ण यादी मागा. स्पीकर, बोर्ड, बॅटरी, केबल अशा चार ओळींची नको. बोर्डावर काय काय आहे, सोल्डर कोणता, केबल कुठून येते, बाहेरच्या प्लास्टिकचा दाणा कोणाचा, स्क्रूवर मुलामा कसला, हे सगळं. बॅटरीसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ वेगळे आहेत, तिची फाइल वेगळी ठेवा.

यादी मागितली की बहुतेक वेळा एक चाचणी अहवाल येतो, पीडीएफ, चकचकीत, शिक्क्यासकट. माझी पहिली फसगत अशीच झाली. तीनशे स्पीकर होते. अहवाल आला, प्रत्येक ओळीत 'आढळलं नाही', आणि मी तो अभिमानाने फाइलला लावला. अंधेरीच्या एका खरेदीदाराने भेटवस्तू म्हणून सगळी खेप घ्यायची ठरवली आणि जाता जाता म्हणाला, एक नग आमच्या लॅबला देऊ. केबलचं आवरण नापास झालं. मग अहवाल नीट वाचला. त्यातल्या फोटोतला स्पीकर निळा, माझा काळा. तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणि चाचणी केलेले भाग फक्त दोन: बोर्ड आणि बाहेरची खोळ. केबलचा उल्लेखच नव्हता, कारण ती कारखान्याने बाहेरून घेतली होती. कारखान्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. वाचायचं मीच सोडून दिलं होतं. साकीनाक्याच्या गाळ्यात दोन संध्याकाळी बसून तीनशे डबे उघडले, केबली काढल्या, नव्या घातल्या, परत चिकटपट्ट्या लावल्या. धाकट्या भावाने तेव्हापासून माझ्याकडे फुकट काम करणं सोडलं.

म्हणून अहवाल हातात आला की चार गोष्टी बघा. मॉडेल क्रमांक तुमचाच आहे का, तारीख कधीची, कोणकोणते भाग खरोखर तपासले, आणि लॅब मान्यताप्राप्त आहे का. आपल्याकडच्या लॅबना एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था मान्यता देते, ती तिच्या यादीत सापडते. ती बघताना नुसतं लॅबचं नाव बघू नका, या चाचण्या तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहेत का ते बघा.

चिनी माहितीपुस्तिकेत एक तक्ता असतो, उभ्या ओळींत पदार्थ, आडव्या ओळींत भाग, आणि चौकटींत गोल किंवा फुली. आपल्याला वाटतं फुली म्हणजे पदार्थ नाही. उलट आहे! गोल म्हणजे मर्यादेच्या आत, फुली म्हणजे त्या भागातल्या निदान एका पदार्थात मर्यादेबाहेर. तसंच मालाच्या मागे दोन बाणांच्या वर्तुळात नारिंगी १० किंवा २० छापलेलं असतं. ते पुनर्वापराचं चिन्ह नाही. आत घातक पदार्थ मर्यादेपेक्षा जास्त आहेत आणि इतकी वर्षं ते बाहेर पडणार नाहीत, असा त्याचा अर्थ. काहीच मर्यादेबाहेर नसेल तर वर्तुळात हिरवं ई येतं. नारिंगी दिसलं म्हणजे माल आपल्याकडे बेकायदा ठरला असं मात्र नाही. सवलतीत बसणाऱ्या भागामुळेही फुली येते (सवलती पायरी ४ मध्ये). पण कुठल्या भागावर फुली आहे ते विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

पायरी ४: स्वतः चाचणी करून घ्या, पण सगळ्याची नको

प्रत्येक भाग लॅबला द्यायला निघालात तर नफा लॅबचाच. आधी एक्सआरएफ करून घ्या. पिस्तुलासारखं क्ष-किरणांचं यंत्र असतं, भागावर टेकवलं की थोड्या वेळात मूलद्रव्यांचे आकडे दाखवतं. स्वस्त पडतं आणि नमुना फोडावा लागत नाही. माझा क्रम ठरलेला आहे. पहिली केबलची आवरणं, मग सोल्डरचे सांधे, मग लाल-पिवळं-नारिंगी प्लास्टिक, मग काळं प्लास्टिक (जुन्या टीव्हीच्या खोळी वितळवून केलेला दाणा असेल तर ब्रोमीन येतं), शेवटी स्क्रू. बाकीच्यांची पाळी शंका आली तरच.

एक्सआरएफची मर्यादा ओळखून असा. ते मूलद्रव्य दाखवतं, संयुग नाही. क्रोमियम दिसलं तर ते हेक्साव्हॅलंटच आहे की साधं, हे त्याला कळत नाही. ब्रोमीनचंही तेच. बोर्डाच्या हिरव्या पट्टीत ब्रोमीन भरपूर दिसतं, पण ते बहुधा दुसऱ्याच, बंदी नसलेल्या रसायनाचं असतं. आकडा संशयास्पद आला तरच पुढची रासायनिक चाचणी करा. आयईसी (इथे आयातीचा कोड नव्हे, विजेच्या वस्तूंची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ६२३२१ या मानक-मालिकेत कोणत्या पदार्थाला कोणती पद्धत ते दिलेलं आहे, लॅबला तेवढंच सांगा.

आणि पितळी प्लगवर शिसं ३ टक्के दिसलं म्हणून घाबरून ऑर्डर रद्द करू नका, जशी माझ्या एका मित्राने केली. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला ई-कचरा नियमांच्या अनुसूची २ मध्ये सवलत आहे. पोलादात ०.३५ टक्के, अॅल्युमिनियममध्ये ०.४ टक्के. ८५ टक्के किंवा त्याहून जास्त शिसं असलेला उच्च तापमानाचा सोल्डरही सवलतीत बसतो. ऐकायला उफराटं वाटेल, जास्त शिसं चालतं आणि कमी चालत नाही! पण त्या कामाला पर्याय सापडलेला नव्हता, म्हणून ती सूट. सवलतींची यादी एकदा छापून गाळ्यात भिंतीवर लावा.

पायरी ५: गाळ्यातलं सोल्डरिंग

पूर्ण तयार माल आणत असाल तर ही पायरी सोडा. पण बोर्ड आणून इथे जोडणी करत असाल, किंवा आलेल्या मालातले बिघडलेले नग दुरुस्त करून विकत असाल, तर सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

लॅमिंग्टन रोडला सोल्डर मागितला की न विचारता ६०/४० चं रीळ हातात ठेवतात. ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. ४० टक्के म्हणजे मर्यादेच्या चारशे पट. शिसंविरहित सांध्याला या रिळाचं टोक एकदा लागलं, सांध्यातल्या चारशे भागांत एक भाग जरी ते मिसळलं, तरी तो सांधा मर्यादेवर जाऊन बसला. कोट्यवधींच्या कारखान्याने शिसं टाळून बनवलेला बोर्ड आपला पोऱ्या एका टचिंगमध्ये नापास करतो.

शिसंविरहित रीळ मागा, त्यावर बहुतेक कथील, सोबत थोडी चांदी आणि तांबं असं लिहिलेलं असतं. जोडणी करणारी पोरं कुरकुरणार, "शेठ, हे वाहतच नाही." बरोबर आहे. शिशाचा सोल्डर १८३ अंशांना वितळतो, हा सुमारे २१७ ला. तापमान वाढवा, बिट (सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक) स्वच्छ ठेवा, फ्लक्स (सोल्डर नीट वाहावा म्हणून लावतात तो) चांगला घ्या. सांधा थंड झाल्यावर आरशासारखा चमकत नाही, जरा मळकट, रवाळ दिसतो. जुने कारागीर तो कच्चा समजून पुन्हा गरम करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि शिशाची कामं त्याच टेबलावर होत असतील तर बिट, रीळ, स्पंज सगळं वेगळं. मी शिसंविरहित सामानाला हिरवी चिकटपट्टी लावतो.

पायरी ६: कागद

माहितीपुस्तिकेत मालातल्या घटकांची माहिती आणि मर्यादा पाळल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. मजकूर साधा ठेवा:

"हे उपकरण ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या नियम १६ नुसार आहे. अनुसूची २ मधील सवलती वगळता, यातील कोणत्याही एकजिनसी पदार्थात शिसे, पारा, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पीबीबी व पीबीडीई प्रत्येकी वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त नाही."

इंग्रजीतही छापा. या दोन वाक्यांच्या मागे फाइल हवी: भागांची यादी, पुरवठादारांची हमीपत्रं, चाचणी अहवाल, कुठला भाग कुठल्या सवलतीत बसतो त्याची नोंद. आयईसी ६३००० हे मानक या फाइलसाठीच आहे. ते आणून तेवढंच वाचलंत तरी अर्धं काम झालं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर उत्पादक म्हणून नोंदणी वेगळी करावी लागते. तिथे विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाचं लक्ष्य मिळतं आणि नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. त्याचं गणित एजंट करून देतो. रोहसची फाइल मात्र एजंटवर सोडू नका.

कोणता शिक्का कशाचा

बीआयएसचा आर-क्रमांक विजेच्या सुरक्षिततेचा आहे. शॉक बसू नये, आग लागू नये एवढ्यासाठी. ब्लूटूथ स्पीकरला तो लागतोच, बीआयएस केअर अॅपवर तपासताही येतो, पण शिशाबद्दल तो काही सांगत नाही. सीईचं चिन्ह, म्हणजे युरोपचे नियम पाळल्याची खूण, तिथे रोहसही धरतं, पण चिनी खोक्यावर ते छापायला एक शाईचा ठसा पुरतो, त्यावर विसंबू नका. फुली मारलेली कचरापेटी म्हणजे वापर संपल्यावर नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका एवढंच. आणि हिरव्या पानात इंग्रजीत रोहस लिहिलेलं गोल स्टिकर बाजारात रिळाने विकत मिळतं. बाकी बोलायलाच नको.

पकडलं तर

केंद्रीय मंडळ बाजारातून नमुने उचलून तपासू शकतं. नमुना नापास झाला तर दुरुस्तीचे उपाय करावे लागतात आणि माल बाजारातून परत घ्यावा लागतो. वर पर्यावरणीय भरपाई. पर्यावरण (संरक्षण) कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगाऐवजी दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. पाचशे नगांच्या धंद्याला त्यातला मधला आकडाही पुरेसा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय शीवला आहे, शंका असेल तर माल यायच्या आधी जा.

नापास भाग भंगारवाल्याला देऊ नका. तो वायर जाळून तांबं काढणार, आणि आवरणातलं शिसं धुरातून आणि राखेतून कोणाच्या तरी वस्तीत जाणार. माझ्या तीनशे केबली मी नोंदणीकृत रिसायकलरला दिल्या, वजनाची पावती घेतली, ती अजून फाइलमध्ये आहे.

दर खेपेचा एक नग न उघडता ठेवून द्या, डब्यावर तारीख आणि बिलाचा क्रमांक लिहून. माझ्याकडे गाळ्याच्या माळ्यावर अशी एक रांग आहे. नवी खेप आली की मागचा डबा खाली काढतो आणि दोन्ही केबली शेजारी शेजारी धरतो. परवाच्या खेपेतली केबल जराशी कडक लागली, कापल्यावर आवरण आतून फिकट दिसलं. कारखान्याला विचारलं तर म्हणे, सेम सेम. तुकडा एक्सआरएफला दिलाय, आकडा येईपर्यंत डबे तसेच बंद आहेत.